हिराकाकूंची पुनव

खोली दाखवायच्या आधी घरमालकीण काय काय विचारील, याची उत्तरं मी रिक्षातच तयार ठेवली होती. लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, मासळी चालते का. बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. आठवडाभर स्टेशनजवळच्या लॉजमध्ये काढल्यावर कुणीतरी पत्ता सांगितला, म्हणून पाम गावाच्या रस्त्याला हिराकाकूंची चाळ बघायला गेले. काकू मागच्या वाडीत होत्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात कोयता. केळीची वाळकी पानं उतरवता उतरवता त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"तुज्या गावात त्रिपुरी पुनवेला दिवे कुटं लावतात?"

मी गडबडले. "मी सांगलीची. आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर लावतात."

"काठावर लावतात का पान्यात सोडतात?"

"दोन्ही."

"मंग रहा," काकू म्हणाल्या आणि पुन्हा केळीकडे वळल्या.

पाणी किती वाजता येतं, भाडं काय, हे सगळं मलाच त्यांच्या मागे मागे फिरून विचारावं लागलं. पुढे कळलं, हा प्रश्न चाळीतल्या प्रत्येकाला विचारलेला होता. एका भाडेकरूने "हमारे यहाँ कुछ नहीं होता" असं उत्तर दिलं होतं. त्यालाही खोली मिळाली. फक्त दर पुनवेला काकू त्याच्या दारात आठवणीने गोड काहीतरी घेऊन जायच्या. आईबापांविना वाढलेल्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायच्या.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा त्यांना ठेवायचीच नसत. जो ज्या गावचा, ते त्याचं नाव. मी सांगली. कंपनीची बस चालवणारा मिश्रा म्हणजे बनारस. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातला प्रताप वेल्डर होता, तो गंजाम. इस्पितळात नर्स असलेली सिंधू त्रिशूरची, तिचं काकूंनी 'तिरशूर' केलं होतं. पहाटे नळावरून त्यांचा आवाज चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. "ए गंजाम, बालटी भर गया! पानी काय रस्त्याला प्यायला देतो क्या?" असलं हिंदी ऐकून बनारसला हसू आवरत नसे, पण नळ बंद करायला तोच सगळ्यांच्या आधी धावायचा.

काकूंचे यजमान फार लवकर गेले. आसपासच्या वाड्या एकेक करून विकल्या गेल्या, तिथे गोदामं आली, इमारती आल्या. काकूंनी आपली वाडी ठेवली आणि कडेने एकेक खोली बांधत चाळ उभी केली. याबद्दल कुणी कौतुक केलं तर त्या विषय बदलायच्या. 'आमच्या वेळी' हे शब्द मात्र त्यांनी कधी उच्चारले नाहीत. मी एकदा विचारलं, "काकू, तुमच्या वेळी इथे कसं होतं?" तर कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माजी वेळ? माजी वेळ अजून चालू हाय."

चाळीचा एकच कडक नियम. दिवेलागणीला प्रत्येक खोलीबाहेरचा दिवा लागलाच पाहिजे. रात्रपाळीचा माणूस आत झोपलेला असला तर काकू स्वतः जाऊन त्याचं बटण दाबायच्या. "कामावरून येनाऱ्याला आपलं दार लांबून दिसाय पायजे," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. नवीन आले तेव्हा मला हे सगळं जरा जास्तच वाटायचं. पहिल्यांदा उशिरा सुटून, पावसात भिजत त्या रस्त्याने एकटी चालत आले आणि लांबून ती दिव्यांची ओळ दिसली, तेव्हापासून मी माझा दिवा कधी विसरले नाही.

मी आले त्या वर्षी दिवाळी संपली आणि एका संध्याकाळी वीज गेली. उकडत होतं, सगळे ओट्यावर येऊन बसले. बनारसने विचारलं, "काकी, वो तीन शहरवाली कहानी सुनाओ ना." काकूंना तेवढंच हवं होतं. कथा सांगायला त्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसायच्या.

"तारकासुराची तीन पोरं," त्यांनी सुरुवात केली. "बाप मेला म्हणून रडत नाय बसली. तप केलं. ब्रह्मदेव आला. पोरं म्हनाली, आमाला मरन नको. ब्रह्मदेव म्हनाला, ते सोडून माग. मंग त्यांनी तीन शहरं मागितली. एक सोन्याचं, वर सर्गात. एक चांदीचं, मधी अंतराळात. एक लोखंडाचं, हितं खाली. तिनी शहरं फिरती. आनि अट काय, जो एकाच बानात तिनी पाडील त्याच्याच हातनं मरू. ती शहरं एका रेषेत येनार हजार वर्सातनं एकदा!"

"चतुर थीं," सिंधू म्हणाली. इतक्या वर्षांत तिचं हिंदी काकूंच्या वळणावर गेलं होतं.

"चतुर होती, पन माजली. तिनी लोकांत अंधार केला. मंग देव गेले शंकराकडं. रथ बनवला. पृथ्वीचा रथ, चंद्र-सूर्य चाकं, मेरू पर्वताचं धनुष्य. विष्णू सोता झाला बान. आनि ब्रह्मदेव डायवर."

"ड्राइवर तो ब्रह्माजी ही होंगे," बनारस अभिमानाने म्हणाला. सगळे हसले.

"बान सुटला, तिनी शहरं पेटली. अंधार करनारे गेले, म्हणून देवांनी दिवे लावले. ती ही त्रिपुरी पुनव."

बनारस म्हणाला, हे खरंच, पण आमच्याकडे त्या दिवशी देव स्वतः गंगेत स्नानाला उतरतात, म्हणून घाटांवर दिवे. प्रताप एरवी फारसा बोलत नसे, तोही बोलला. त्याच्या गावात त्या पहाटे केळीच्या खोडावरच्या सोपटाच्या छोट्या नावा करून, त्यात दिवा ठेवून पाण्यात सोडतात. "हमारे लोग जहाज लेके जावा-बाली जाते थे. इसी दिन निकलते थे." सिंधू म्हणाली, आमच्याकडे कृत्तिका नक्षत्राला देवीसाठी अंगणभर दिवे, तारीख कधी जुळते, कधी पुढे जाते. वाद सुरू झाला. दिवस मुळात कुणाचा? शंकराचा, गंगेचा, जहाजांचा की देवीचा?

काकू बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी त्या दिवशी सगल्यांचेच देव जागे असतात. मंग आपुन का झोपायचं?"

वाद तिथेच मिटला.

काकूंच्या मनातली पुनव मात्र ओट्यावरची नव्हती. चाळीपासून थोडं पुढे एक जुनं तळं होतं, काठावर शंकराचं देऊळ आणि देवळासमोर दगडी दीपमाळ. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा तिथे गावभराचे लोक जमायचे. सासूबाईंनी त्यांना पहिल्या वर्षी दीपमाळेच्या वरच्या दगडी हातांवर दिवे लावायला शिडीवर चढवलं होतं, कारण नव्या सुनेचे हात हलके. पुढे वाड्या गेल्या, माणसं पांगली, तळ्यात जलपर्णी माजली. दिवे कमी होत होत संपले. काकू तेवढ्या दर पुनवेला एक पणती घेऊन जायच्या, दीपमाळेच्या पायाशी लावायच्या आणि ती विझेपर्यंत शेजारी बसून राहायच्या. मी आल्यावर पहिल्या वर्षी त्यांच्याबरोबर गेले होते.  एवढ्या गप्प बसलेल्या काकू मला पाहवल्या नाहीत.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तळ्याच्या काठावर राडारोडा पडायला लागला. पलीकडे इमारत होणार होती, तिच्याकडे यायला रस्ता हवा होता, आणि तळ्याचा तो कोपरा भरून काढला की रस्ता सरळ होत होता. बिल्डर बाहेरचा, गावातलं त्याचं काम बघणारा माणूस म्हणजे काकूंचा सख्खा पुतण्या दिनेश.

पहिला डंपर आला त्या सकाळी काकू प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन वाटेत जाऊन बसल्या. मांडीवर सूप, सुपात वाल. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काकू वाल सोलत राहिल्या. दिनेश मोटरसायकल दामटत आला.

"काकू, घरी चला. लोक बगतात."

"बगू दे ना. मी कुटं तोंड लपवलंय?"

"तळं मेलंय, काकू. डास होतात नुसते."

"आजारी मानसाला तू माती देतोस का रं?"

दिनेशने ड्रायव्हरला हात केला, डंपर मागे गेला. पण खुर्चीवर रोज बसता येणार नव्हतं हे काकूंनाही कळत होतं. मी अर्ज लिहून दिला, आणि पालघरच्या कचेरीत सुनावणी लागली. सिंधू आणि मी रजा काढून बरोबर गेलो. अधिकारी एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे दोन्ही बाजू ऐकल्या.

"आजी, तुम्ही म्हणता इथे उत्सव होतो. लोकांचा वापर आहे. कोण कोण येतं?"

काकूंनी उत्तर द्यायच्या आत दिनेश बोलला. त्याचा स्वर उद्धट नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मॅडम, उत्सव कधीच बंद झालाय. काकू एकट्या जातात. एक दिवा लावतात."

हे खरं होतं. काकूंनी मान खाली घातली. त्यांना असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.  मग त्यांनी पदर सारखा केला आणि मान वर केली.

"बाई, तुमी पुनवेला या. दिवस मावळताना. तुमच्या डोळ्यांनी बगा."

मॅडमनी कॅलेंडर पाहिलं. "येईन. स्थळपाहणी त्याच दिवशी ठेवते. पण मला दिसलं पाहिजे, आजी. सांगोवांगी चालणार नाही."

बाहेर आल्यावर सिंधूने विचारलं, "काकू, माणसं कुठून आणणार?" काकू तोवर रस्त्याकडेच्या गाड्यावरून पेरू निवडत होत्या. "माज्या चाळीत निम्मा देश राहतो," त्या म्हणाल्या. "आनि तू मला इचारतेस मानसं कुटं?"

त्यानंतरचे दिवस मी विसरणं शक्य नाही. पहिल्या पाळीची माणसं सुटली की घरी न जाता तळ्यावर यायची. जलपर्णी ओढायला बांबूंना आकडे बांधले. काकूंच्या वाडीत कामाला येणारी पाड्यांवरची कुटुंबं रविवारी आली, त्यांनी आपले नातेवाईक आणले. काकू चुलीवर वालाची उसळ आणि तांदळाच्या भाकऱ्या करायच्या आणि काठावर उभ्या राहून हुकूम सोडायच्या. "बनारस, तिकडं खोल हाय, मागं ये! तुज्या बायकोला मी काय सांगू?" कुणी दमून बसला की त्या स्वतः नऊवारी खोचून पाण्यात उतरायच्या. मग बसलेला माणूस लाजून उठायचा. हळूहळू हिरव्याच्या मधून पाणी दिसायला लागलं. एका सकाळी त्यात एक बगळा उभा होता. काकूंनी चाळीतल्या सगळ्यांना झोपेतून उठवून तो दाखवला.

पुनवेच्या आदल्या दिवशी काकूंनी कोयता घेतला आणि वाडीतल्या केळी तोडायला सुरुवात केली. घड उतरवून झालेल्या तोडल्या, मग न झालेल्याही. मी म्हटलं, "काकू, या अजून पिकायच्या आहेत."

"गंजामच्या नावांना सोपट लागंल ना. केळी काय, परत येतात."

प्रताप आणि त्याचे गाववाले त्या सोपटाच्या नावा करत बसले. सिंधूने इस्पितळातल्या मैत्रिणींना पणत्या भिजवायला बसवलं. बायकांनी वाती वळल्या. प्रतापने पुनवेच्या पहाटेच एक नाव सोडून आपल्या घरची रीत पाळली. काकू त्याला म्हणाल्या, "तुजी पहाट झाली. आता संध्याकाळी माजी."

पण संध्याकाळ झाली तेव्हा तळ्याच्या घाटावर माणसं नव्हती.

गावातल्या काही म्हाताऱ्या होत्या, पाड्यावरच्या बायका होत्या, आम्ही होतो. कारखान्यांतून सुटणारी जी माणसं येणार होती, त्यांचा पत्ता नव्हता. कळलं की नाक्यावर ट्रक बंद पडलाय आणि सगळ्या बसेस अडकल्यात. बनारस फोन उचलत नव्हता. गाडी चालवताना तो कधीच उचलत नसे. मॅडम वेळेवर आल्या. दिनेश रस्त्याकडेला गाडीला टेकून उभा होता.  सूर्य नारळांच्या मागे गेला. मॅडमनी काठावरून एक फेरी मारली, साफ झालेलं पाणी पाहिलं, रचलेल्या नावा पाहिल्या, आणि मग रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"आजी, थांबू अजून?" त्यांनी विचारलं.

 काकूंनी आकाशाकडे पाहिलं. पूर्वेला चंद्र वर येत होता, मोठा आणि पिवळा.

"कुनासाटी थांबायचं? चंद्र आला की," त्या म्हणाल्या. "सांगली, शिडी धर."

आणि या वयात, आम्ही नको नको म्हणत असताना, काकू शिडीवर चढल्या. सगळ्यात वरच्या हातावर त्यांनी पहिली पणती ठेवली. काडी पेटवली. वारा पडला होता, ज्योत सरळ उभी राहिली. मग दुसरी. खाली म्हाताऱ्यांनी आपापल्या पणत्या लावल्या. काकू दीपमाळेच्या मधल्या हातांपर्यंत उतरल्या असतील, तेवढ्यात रस्त्यावर हेडलाइट दिसले.

एक बस. तिच्यामागे दुसरी. मग आणखी. स्टेशनकडे जाणाऱ्या त्या बसेस देवळाच्या वळणावर थांबल्या आणि दारं उघडली. माणसं उतरायला लागली ती उतरतच राहिली. निळ्या, राखाडी गणवेशातली माणसं, काहींच्या डोक्यावर अजून हेल्मेट, खांद्याला डब्याच्या पिशव्या, कामावरून थेट आलेल्या बायका. सगळ्यांच्या पुढे बनारस, हात वर करून ओरडत, "काकी! पूरी कंपनी ले आया!"

काकू शिडीवरूनच ओरडल्या, "चपला बाजूला काडा! पायऱ्यांवर गर्दी करू नका! पनत्या तिकडं!"

पुढचं मला सलग आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एका पणतीवरून दुसरी लागत गेली आणि उजेड पायरी पायरी खाली उतरून पाण्यापर्यंत आला. कुणी पंजाबीत गुरुनानकांचं नाव घेत होतं, कुणी हर हर महादेव म्हणत होतं. प्रताप गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेक नाव हाताने पुढे लोटत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रिक्षावाले रिक्षा सोडून आले. दिनेशची आई, म्हणजे काकूंची जाऊ, जी दोन महिने काकूंशी बोलली नव्हती, ती पदराआड पणती धरून आली आणि काकूंच्या शेजारी उभी राहिली. काकूंनी तिच्याकडे न बघता आपल्या ज्योतीवर तिची पणती लावून दिली.

रस्त्यावर गाड्यांचा खोळंबा झाला तेव्हा काकूंचा आवाज पुन्हा वर गेला. "दिन्या! नुसता उभा काय ऱ्हायलास? गाडी काड तुजी, लोकांना वाट दे!"

 दिनेशने गाडी काढली, आणि नंतर तासभर रस्त्यात उभा राहून हात करून बसेसना वाट देत होता.

मॅडम एका बाजूला होत्या. त्यांनी खाली वाकून चपला काढल्या, पायऱ्या उतरल्या आणि सिंधूकडून एक पणती घेतली. मी काकूंना कोपराने ढोसलं. काकूंनी ते केव्हाच पाहिलं होतं.

भराव थांबवायचा आणि टाकलेला राडारोडा उचलायचा आदेश पुढे रीतसर आला. तो उचलायचं काम दिनेशच्याच डंपरने केलं. काकू काठावर उभ्या राहून, कोपऱ्यात अजून एक वीट राहिली आहे म्हणून त्याला बोलावत राहिल्या.

मी आणखी काही वर्षं त्या चाळीत राहिले. मग पुण्याला नोकरी मिळाली, लग्न झालं. त्यानंतर एकाच पुनवेला येणं जमलं. काकू त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेल्या, म्हणून ती शेवटची भेट ठरली.

त्या वर्षी तळ्याकडे जाणारा रस्ता दुपारपासून वाहनांना बंद होता. पालघर, तारापूर, डहाणूकडून माणसं आली होती. पायऱ्या नव्या बांधल्या होत्या, खाऊच्या गाड्या लागल्या होत्या, उत्सव मंडळाची समिती होती, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले स्वयंसेवक होते. काकू थकल्या होत्या, एका हातात काठी. पण अबोलीचा गजरा होता आणि हातात पणती होती. माझा हात धरून त्या गर्दीतून दीपमाळेकडे निघाल्या. जवळ पोचलो तेवढ्यात एका स्वयंसेविकेने हात आडवा घातला.

"आजी, ऐसे बीच में नहीं. लाइन पीछे से है."

ती बोईसरमध्ये नुकतीच आलेली असावी. मला राग आला. मी म्हणणार होते, अगं, तुला माहीत आहे का या कोण आहेत? माझं तोंड उघडायच्या आत काकूंनी माझा हात एवढ्या जोरात दाबला की बांगडी रुतली.

"गप," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. त्या रांगेकडे बघत होत्या. रांग देवळाला वळसा घालून, तळ्याच्या काठाने, पार रस्त्यापर्यंत गेली होती. "बगितलंस का? शेवट दिसत नाय!"

मग काठी टेकत, वाटेतल्या एकेका माणसाकडे निरखून बघत, काकू त्या रांगेचा शेवट शोधायला निघाल्या. तिथे पोचल्यावर त्यांनी पदर सारखा केला, आणि पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या खांद्याला बोट लावून विचारलं,

"कुटल्या गावची गं तू?"